नकार द्या, पण गाडी सोडू नका

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात माझी बरीच वर्षं गाड्या लावण्यात गेली. त्यामुळे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडच्या ड्रायव्हर मंडळींचे फोन अजूनही येतात, आणि आता तर त्यांच्या घरच्या बायकाही फोन करतात. प्रश्न फिरून फिरून एकच असतो : "साहेब, ही गाडी सोडायची आहे. शेठला सांगू कसं?" एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांशी एकदमच बोलतो.

नोकरी सोडायला माझी काहीच हरकत नाही. पगार वेळेवर नाही, भत्ता कापतात, घरी जाऊ देत नाहीत, दुसरीकडे चार पैसे जास्त मिळतात, यातलं कुठलंही कारण पुरेसं आहे. कारण सांगितलंच पाहिजे असंही नाही. पण एक गोष्ट करू नका. भरलेली गाडी वाटेत उभी करून, चावी ढाबेवाल्याच्या हातात देऊन निघून जाऊ नका.

बोम्मसंद्र्यात हे फार होतं, म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय. होसूर रोडला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. शिरोलीचं, गोकुळ शिरगावचं कास्टिंग घेऊन गाडी येते, गेटवर दोन-दोन दिवस थांबते, गाडी खाली होत नाही. हॉल्टिंगचे पैसे मागितले की शेठ फोनवर आईबहिणीवरून बोलतो. ड्रायव्हरचं डोकं फिरतं. 2025 च्या ऑगस्टपासून मेट्रो बोम्मसंद्र्यापर्यंत आली आहे. पिशवी उचलायची, मेट्रोने मॅजेस्टिक गाठायचं आणि रात्रीच्या कोल्हापूर गाडीत बसायचं, इतकं ते सोपं झालंय. सकाळी घरी पोचल्यावर वाटतं, सुटलो एकदाचा. बाबा रे, सुटला नाहीस, खरा अडकलास तो तिथून पुढे!

कसा अडकतो ते बघा. माल तुमच्या ताब्यात दिलेला असतो. बिल्टीवर गाडी नंबर असतो, बहुतेक वेळा तुमचं नाव आणि लायसन्स नंबरही असतो. रात्रीत ताडपत्री फाडून कुणी चार पेट्या काढल्या, तर पोलीस आधी कुणाला फोन लावतील? वाहतुकीसाठी ताब्यात दिलेल्या मालाच्या अपहाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये 7 वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही काडीही चोरलेली नसेल, पण ते पटवून द्यायला चौकीच्या आणि कोर्टाच्या चकरा तुम्हालाच माराव्या लागतील.

दुसरी गोष्ट विम्याची. गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि गाडी बेवारस सोडली होती का, ते विचारते. चावी ढाब्यावर ठेवली होती असं कळलं की क्लेम अडकतो. मग शेठ सोडतो होय तुम्हाला? शिवाय ई-वे बिल. त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. बदली ड्रायव्हर गावाहून येईपर्यंत मुदत संपते आणि पुढच्या नाक्यावर दंडाचं लफडं उभं राहतं.

आणि मालाचं काय होतं, याचा तरी विचार करा. या वसाहतीत औषधांचे मोठे कारखाने आहेत. इन्सुलिनसारखं औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. रीफर गाडी चित्रदुर्गाच्या बाहेर सोडून ड्रायव्हर गेला, रीफरचं डिझेल संपलं, दुपारच्या उन्हात डबा तापला. दार उघडल्यावर खोकी जशीच्या तशी दिसतात, लेबल कोरडं, सील शाबूत. आतलं औषध मात्र वाया गेलेलं. ते कुणाच्या तरी आईला टोचायचं होतं. तुमचं भांडण शेठशी होतं ना? मग त्या माऊलीने काय केलं होतं?

आता कुणी म्हणेल, साहेब, ब्रेक धरत नाहीत, ओव्हरलोड भरलाय, दोन रात्री डोळा मिटलेला नाही, तरी चालवायची का? मुळीच नाही. तिथे ठाम नकार द्या, मी तुमच्या बाजूला आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा आहे. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. शेठ म्हणाला म्हणून जीव धोक्यात घालायला तुम्हाला कुणी बांधलेलं नाही. गाडी पेट्रोल पंपावर किंवा पार्किंगमध्ये, उजेडाच्या जागी लावा. शेठला फोन करा आणि लगेच मेसेजही टाका, मराठीत चालेल : "ब्रेक धरत नाहीत, गाडी अमुक पंपावर उभी केली आहे, मेकॅनिक किंवा दुसरा ड्रायव्हर पाठवा, तोवर मी गाडीजवळ आहे." फोटो जोडा. आणि कुणी येईपर्यंत थांबा. चालवायला नकार देणं हा तुमचा हक्क आहे. गाडी टाकून पळणं हा हक्क नव्हे. या दोहोंतलं अंतर ओळखा, एवढंच माझं मागणं आहे.

बरं, मग सोडायची कधी? गाडी खाली झाली, पोच हातात आली, गाडी शेठच्या दारात लागली, की मग. पोच व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही. सही-शिक्क्याचा मूळ कागद ऑफिसात द्यावा लागतो, त्याशिवाय भाडं निघत नाही आणि तुमचा हिशोबही रखडतो. शेठला समोर बसून सांगा, निदान आठ-पंधरा दिवस आधी. रस्त्यावरून फोनवर सांगू नका. समोर तो चिडला तर चिडू द्या. "शेठ, तुमच्याकडे काम केलं, आता दुसरीकडे बघतोय, अमुक तारखेपर्यंत गाडी चालवतो," एवढी दोन वाक्यं पुरेत. जुनी उणीदुणी त्या दिवशी काढू नका.

उचलीचा प्रश्न फार जण विचारतात. घेतलेली उचल हे कर्ज आहे, ती हिशोबात वळती करा किंवा हप्ता ठरवून फेडा. पण उचल आहे म्हणून सोडूच देत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. कर्जापोटी माणूस कामाला जखडून ठेवायला 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंदी आहे. तुमचं मूळ लायसन्स शेठच्या ड्रॉवरमध्ये असेल तर ते आधी परत घ्या, आणि पुढच्या ठिकाणी झेरॉक्सच द्या. मूळ लायसन्स दुसऱ्याकडे ठेवायची ही सवय आपल्या लोकांना कुणी लावली कोण जाणे!

पगाराबद्दल थोडक्यात. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब मिळायला हवा. नाहीच दिला तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा. बेंगळुरूत त्यासाठी बन्नेरघट्टा रोडवर कार्मिक भवन आहे. पीएफ कापत असतील तर नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर पडली का ते बघा. मालकाने टाकली नाही, तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर तुम्ही स्वतः टाकू शकता.

नव्या शेठकडे जुन्या शेठची निंदा करू नका. तो ऐकून घेतो आणि मनात म्हणतो, उद्या हा माझ्याबद्दलही असंच बोलणार. खानापूर-आटपाडीकडची आपली गलाई मंडळी दक्षिणेत गावोगावी सोनं-चांदी गाळतात. लोकाचं सोनं त्यांच्या हाती कशाच्या जोरावर येतं? शब्दाच्या. ड्रायव्हर लाइनमध्येही तसंच आहे. बोम्मसंद्रा, जिगणी, अत्तिबेले, होसूर या टापूत गाड्या लावणारे सगळे एकमेकांना ओळखतात. गाडी सोडून पळालेल्या ड्रायव्हरचं नाव संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या ग्रुपवर असतं. नीट सांगून गेलेल्याला तेच लोक स्वतःहून फोन करतात.

मालकमंडळी ऐकत असतील तर त्यांनाही सांगतो. तुमचा माणूस घरापासून सहाशे किलोमीटरवर, गेटबाहेर, आंघोळीशिवाय दोन दिवस बसलेला असतो. त्याला शिव्या देऊन गाडी लवकर खाली होत नाही. हॉल्टिंगचे पैसे पार्टीकडून घेता, ते त्याच्यापर्यंत पोचवा. गाड्या वाटेत सुटतात त्यातल्या अर्ध्या तुमच्या तोंडामुळे, हे मी ऑफिसात बसून स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आता ज्यांना या महिन्यातच सोडायची आहे त्यांनी वहीचं एक पान घ्या. वर तारीख आणि गाडी नंबर लिहा. खाली किलोमीटरचं रीडिंग आणि डिझेल किती ते. मग आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी हे कागद. मग स्टेपनी, जॅक, टामी, ताडपत्री, रस्से. उचल किती राहिली, भत्ता किती यायचा. खाली तुमची सही आणि शेठची किंवा मुनीमजींची सही. त्या पानाचा, मीटरचा आणि चारही बाजूंनी गाडीचा फोटो काढून घरच्यांच्या मोबाइलवर पाठवा, म्हणजे तुमचा फोन हरवला तरी पुरावा राहील. नवा ड्रायव्हर आला असेल तर त्याच्याशेजारी बसून एक फेरी मारा. क्लच कुठे धरतो आणि कुठल्या कंपनीत माल मागच्या गेटने खाली करतात, तेवढं त्याला दाखवा. मग चावी द्या.