गर्भाशयमुखाची तपासणी आणि ग्रामीण स्त्री

गर्भाशयाचा जो अरुंद भाग योनिमार्गात उघडतो त्याला गर्भाशयमुख म्हणतात, आणि तेथील कर्करोग जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. हा संसर्ग इतका सार्वत्रिक आहे, आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो इतक्या सहज नाहीसा होतो, की त्यावरून कोणाच्या चारित्र्याविषयी तर्क करणे हा निव्वळ अन्याय होय. जेथे तो टिकतो तेथेही पेशींतील पहिल्या बदलापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात, आणि तपासणीचे सारे सामर्थ्य याच अवधीत आहे.

याचा भक्कम पुरावा अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेजारीच मिळाला. त्यातील जामखेडच्या पूर्वेस असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला, ज्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी एकदाच देऊ केलेल्या गटात पुढील आठ वर्षांत या कर्करोगाने 34 स्त्रिया दगावल्या, तर साधारण तेवढ्याच आकाराच्या, तपासणी न दिलेल्या गटात 64. त्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे जे नैतिक आक्षेप घेतले गेले, ते रास्तच होते. त्या स्त्रियांचे ऋण मान्य केल्यावाचून हे आकडे उच्चारू नयेत. मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून झालेल्या अभ्यासात तर प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून, पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी टिपले, आणि या कर्करोगाच्या मृत्यूंचे प्रमाण 31 टक्क्यांनी घटले.

असे असूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेली होती. अंगावरून पांढरे जाणे वा संबंधानंतर रक्त दिसणे स्त्रिया अंगावर काढतात, आणि दुसरीकडे तपासणीवाचून, कर्करोगाच्या नुसत्या भीतीपोटी ऊसतोड करणाऱ्या कित्येकींची गर्भपिशवीच काढली गेल्याचे बीड जिल्ह्यात 2019 मध्ये उघड झाले. अहिल्यानगरच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथील ऊसतोडणीच्या टोळ्याही दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात, आणि हिवाळ्यात गावी भरवलेले शिबिर नेमक्या याच स्त्रियांना मुकते.

जामखेडला 1970 मध्ये रजनीकांत व मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात अल्पशिक्षित, काही तर निरक्षर, स्त्रियाच गावाच्या आरोग्यसेविका झाल्या होत्या. त्याच धर्तीवर, टोळ्या परतल्यावर चैत्र-वैशाखात, आशा सेविकेने घरोघर जाऊन एचपीव्ही चाचणीसाठी स्त्रीला स्वतःच नमुना घेण्यास शिकवणे शक्य आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. मात्र अहवाल आणि उपचार हे दोन्ही पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेण्याआधी तिच्या हाती पडले पाहिजेत.