भिंतीआधी उघाडी

अध्यक्षीय भाषणात वर्षाच्या कामाचा आढावा घेण्याचा रिवाज आज मोडतो. तो आढावा छापील अहवालात आहे. किनारी वस्तीच्या पूरसंरक्षणाचा विषय निघाला की आपण भिंतीची उंची मोजू लागतो. मला वाटते, मोजायला हवे ते पातमुख. नाला जिथे समुद्राला मिळतो, त्या जागेला आपल्या स्थापत्य अभियंत्यांच्या व्यवसायाने कायम सावत्र वागणूक दिली आहे.

मुंबईचेच पाहा. 18व्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी व्हेलार्डने वरळीजवळचे खिंडार बुजवले, समुद्र बाहेर राहिला. आतला सखल भाग मात्र सखलच राहिला. जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी गृहीत धरून आखलेल्या. भरतीत पातमुखे पाण्याखाली गेली की तेवढाही निचरा होत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मरीन ड्राइव्हचा कठडा दुप्पट उंच असता, तरी कुर्ल्यात तुंबलेले पाणी बोटभरही उतरले नसते. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरील ब्रिमस्टोवॅड अहवालाने 1993 मध्येच तासाला 50 मिलिमीटरची क्षमता सुचवली होती. काँक्रीटने झाकलेल्या एका चौरस किलोमीटरवर एवढा पाऊस म्हणजे तासाला 5 कोटी लिटर पाणी. भरतीसाठी पातमुखाचा दरवाजा 3 तास मिटला, तर 15 कोटी लिटर ठेवायचे कुठे? टाकी आणि उदंचन केंद्र नसेल, तर आपण भिंत बांधून हौद तयार केला.

2005 मध्येच 29 ऑगस्टला कॅटरिना वादळाचे उधाण न्यू ऑर्लिन्समध्ये निचऱ्याच्या कालव्यांतून आत शिरले. सतरावा रस्ता आणि लंडन अव्हेन्यू या कालव्यांच्या भिंती कोसळल्या. शहराचा सुमारे 80 टक्के भाग बुडाला. पाणी काढायची वाटच समुद्राला आत यायची वाट झाली होती. दरवाजे आणि पंप कालव्यांच्या तोंडाशी आले, ते त्यानंतर.

समुद्राची पातळी वाढते आहे, म्हणून भिंत आधी, असे काही सहकारी म्हणतात. लाटा अडवायला भिंत हवी, टेट्रापॉडही हवेत. पण पातळी जितकी वाढेल, तितके पाणी आपोआप वाहून जाण्याचे तास घटतील. म्हणजे हा मुद्दा दरवाजे आणि पंपांच्याच बाजूचा आहे. दुसरा आक्षेप खरा आहे: दरवाज्यात कचरा अडकतो, ऐनवेळी वीज जाते, माणूस चुकतो. 8 डिसेंबर 2020 रोजी भरतीचा अंदाज कमी निघाला, व्हेनिसचे समुद्र अडवणारे दरवाजे उचललेच नाहीत आणि शहरात पाणी शिरले. यावर उपाय देखभाल आणि जाणता कर्मचारीवर्ग हाच. भिंत आपल्याला आवडते, कारण तिला रात्रपाळी लागत नाही.

भिंतीला दरवाजाची जोड ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोकणातल्या खारभूमीत बांधाबरोबर उघाडी, म्हणजे पाण्याचे दार, येते. गोव्याच्या खाजणात तिला मानस म्हणतात. भरतीला ती मिटते, ओहोटीला उघडते. ती नसेल तर बांधाआडचे शेत पावसाच्याच पाण्यात कुजते, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही.

प्रत्येक पातमुखाची नोंदवही करण्याचे काम आपल्या मंडळाने हाती घ्यावे. तपशील पुढे ठरवू. तोवर एवढेच करा: ज्या समुद्रभिंतीच्या नकाशावर पातमुखाची टाऊन हॉल डेटम या मुंबईच्या संदर्भपातळीपासूनची उंची लिहिलेली नसेल, त्या नकाशावर सही करू नका.