पंधरा वर्षांच्या मुलाची साक्ष
(सोयगांव येथें पालक व शिक्षक यांच्यापुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आज एका कादंबरीविषयीं बोलावें असें आम्हीं ठरविलें आहे. कापूस वेचणीचे दिवस, त्यांत कादंबरी कसली घेऊन बसलांत, असें एका गृहस्थांनीं आम्हांस वाटेंतच विचारलें. त्यांना आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, ही कादंबरी ज्या मुलाची आहे तशीं मुलें आपल्या गांवोगांवीं आहेत, आणि त्यांना येडं, खुळं, अर्धवट यांखेरीज दुसरें नांव आपण ठेविलेलें नाहीं. तेव्हां घटकाभर ऐकून घ्यावें.

पुस्तक इंग्रजी आहे. कर्ता मार्क हॅडन. २००३ सालीं तें इंग्लंडांत निघालें, त्याच सालचें व्हिटब्रेड पारितोषिक त्यास मिळालें, आणि पुढें २०१२ त लंडनच्या नॅशनल थिएटरनें त्याचें नाटक केलें. 'द क्युरियस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' असें लांबलचक नांव. रात्रीं कुत्र्याचा घडलेला चमत्कारिक प्रकार, असा त्याचा अर्थ. हे शब्द शेरलॉक होम्सच्या एका गोष्टींतून घेतले आहेत. आम्ही मराठी शाळेंत शिकलों आणि अध्यापक विद्यालयांतून मास्तर होऊन बाहेर पडलों, म्हणून इंग्रजीशीं आमचा लांबूनच नमस्कार. तरी कोश शेजारीं ठेवून आम्हीं हें पुस्तक शेवटास नेलें. कारण असें कीं, गोष्ट सांगणारा मुलगा फार सरळ बोलतो. एका वाक्यांत एक गोष्ट. आमच्या क्रमिक पुस्तकांच्या लेखकांनीं ही रीत उचलावी!

मुलाचें नांव क्रिस्तोफर. वय पंधरा वर्षें, तीन महिने, दोन दिवस. हें तो स्वतःच असें मोजून सांगतो. इंग्लंडांतल्या स्विंडन नांवाच्या गांवीं बापाबरोबर राहतो. जगांतल्या सर्व देशांच्या राजधान्या त्याला पाठ आहेत. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून तो रागावला कीं थट्टा करतो, हें त्याला उमगत नाहीं. अंगाला हात लावलेला सोसत नाहीं. पिवळा व तपकिरी हे रंग त्याला चालत नाहींत. ताटांत एक पदार्थ दुसऱ्याला लागला तर तो जेवत नाहीं. सकाळीं शाळेच्या गाडींतून जातांना लागोपाठ चार तांबड्या मोटारी दिसल्या तर दिवस चांगला, चार पिवळ्या दिसल्या तर काळा दिवस. त्या दिवशीं तो कोणाशीं बोलत नाहीं. हंसूं नका. मांजर आडवें गेलें म्हणून बाजाराला न जाणारे लोक ह्या सभेंतही निघतील.

त्याच्या ह्या अवस्थेला काय म्हणावें तें नांव कादंबरीच्या मजकुरांत कोठेंच येत नाहीं. परंतु वाचणारा ओळखतो. मराठींत तिला स्वमग्नता म्हणतात. १९४३ सालीं अमेरिकेंत लिओ कॅनर ह्या डॉक्टरानें तिचें वर्णन प्रथम नीट लिहून काढलें. पुढल्याच वर्षीं व्हिएन्ना येथें हान्स अ‍ॅस्पर्गर यानें तसेंच दुसरें लिहिलें. त्यानंतर विद्वानांनीं काय केलें पहा. दोष आईच्या पदरीं बांधला! आई थंड हृदयाची, तिनें माया केली नाहीं, म्हणून मूल असें झालें, असें मोठमोठ्या डॉक्टरांनीं वर्षानुवर्षें सांगितलें. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड यानें ह्या मताचें खंडन केलें. तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता. मेंदूची घडण जन्मापासूनच निराळी असते, आईच्या मायेचा त्यांत कांहीं संबंध नाहीं, हें आज सर्व मानतात. आमच्याकडे डॉक्टरांच्या जागीं देवऋषी आणि पोथीवाले, इतकाच फरक. कोणी म्हणतो बाहेरची बाधा, कोणी म्हणतो मागल्या जन्मींचें पाप. उतारा काढा, शांत करा, दक्षिणा ठेवा. पैसे जातात बापाचे, आणि बोल लागतो तो आईलाच.

आमच्या वर्गांत असा एक मुलगा होता. हांक मारली तर मान वळवीत नसे. पण सोयगांव स्टँडावरून सुटणाऱ्या एस्.टी. गाड्यांच्या वेळा त्याला मुखोद्गत. गाडी उशिरां आली कीं तो कान झांकून रडे, कारण पाटीवर एक लिहिलें आहे आणि घडलें दुसरें. लोक म्हणत, एवढ्याशा गोष्टीसाठीं रडतो, खुळा आहे. सहावीनंतर घरच्यांनीं त्याला शेतावर राखणीला बसविलें. क्रिस्तोफरचें पुस्तक वाचतांना तो आम्हांला पानोपानीं आठवत होता.

क्रिस्तोफर म्हणतो कीं अलंकारिक बोलणें म्हणजे एक प्रकारचें खोटें बोलणें. आपण वर्गांत किती खोटें बोलतों याचा हिशेब करा. डोळ्यांत तेल घालून वाच. पोटांत कावळे ओरडत आहेत काय? कान उपटून हातांत देईन. दुसरीं मुलें हंसतात. असें मूल मात्र घाबरून आपले कान धरतें, आणि मग आपण म्हणतों कीं ह्याला कांहीं कळत नाहीं. त्याला कळतें. आपण बोललों त्याचाच अर्थ त्यानें घेतला.

आतां गोष्ट. शेजारणीचा कुत्रा मध्यरात्रीं मारलेला सांपडतो, पोटांत बागेंतला दांताळा खुपसलेला. क्रिस्तोफर त्याला कवटाळून बसतो. शिपाई येतो, त्याला धरून उठवूं पाहतो. अंगाला हात लागतांच मुलगा त्याला मारतो आणि कोठडींत जातो. (कोठडी जवळजवळ घनाकृति होती म्हणून त्याला ती बरी वाटली, हें वाचून आम्हांला हंसूंही आलें आणि वाईटही वाटलें.) सुटून आल्यावर कुत्र्याचा खुनी आपण शोधणार असें तो ठरवितो, आणि शोधाची हकीकत लिहूं लागतो. तेंच हें पुस्तक.

शोध करतां करतां त्याला दुसरेंच कांहीं सांपडतें. दोन वर्षांपूर्वीं आई हृदयविकारानें वारली असें बापानें त्याला सांगितलेलें असतें. बापाच्या कपाटांत त्याच आईचीं पत्रें निघतात, लंडनहून त्याच्याच नांवें आलेलीं. आई जिवंत आहे. शेजारणीच्या नवऱ्याबरोबर ती निघून गेली होती. आणि कुत्रा कोणी मारला? बापानेंच, शेजारणीशीं भांडण झालें त्या रागाच्या भरांत. हें तो स्वतः मुलाजवळ कबूल करतो.

हा बाप दुष्ट नाहीं. मुलाचें जेवणखाण, धुणें, शाळा, सर्व तोच करतो. बापलेकांची मायेची खूण ठरलेली आहे: मिठी चालत नाहीं, म्हणून दोघे हाताचीं बोटें पसरून एकमेकांच्या बोटांना लावतात. शाळेंत ह्या मुलाला मोठ्या मुलांच्या गणिताच्या परीक्षेला बसूं द्यावें म्हणून मुख्याध्यापिकेशीं हाच भांडला होता. पूर्वीं कोणी बसलें नाहीं, सोय नाहीं, असें तिचें म्हणणें. सोय नाहीं हे शब्द आपल्याही ओळखीचे आहेत. पण मुलाला खरें पेलणार नाहीं असें ह्या बापानें धरून चालविलें, आणि तेथेंच तो चुकला. क्रिस्तोफर खोटें बोलत नाहीं, म्हणून दुसरा बोलेल हें त्याच्या हिशेबांतच नसतें. ज्यानें कुत्रा मारला व खोटें सांगितलें तो मलाही मारील, असा सरळ हिशेब तो करतो, आणि रात्र घराबाहेर काढून आईकडे जावयास निघतो.

तोंपर्यंत तो एकटा रस्त्याच्या टोंकाच्या दुकानापलीकडे गेलेला नव्हता. स्विंडन ते लंडन रेल्वेनें सुमारें सव्वाशें किलोमीटर, म्हणजे आपल्या येथून छत्रपती संभाजीनगरला जाण्यापेक्षां थोडें अधिकच. तुम्हांआम्हांला हें कांहींच नाहीं. पण पाचोऱ्याच्या फलाटावर पहिल्यानें उभा राहिलेला पोर कसा भांबावतो तें आठवा, आणि ज्याच्या कानांत प्रत्येक आवाज सारख्याच जोरानें शिरतो, ज्याच्या डोळ्यांपुढें प्रत्येक पाटी सारखीच ओरडते, त्याचें काय होत असेल तें पहा. तो काय करतो? जमिनीवर एक तांबडी रेघ आहे असें मनांत धरतो आणि डावा, उजवा, असें मोजीत तिच्यावरून चालतो. गाडींत तो सामानाच्या फळीवर लपतो. कपडे ओले होतात. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर तो तासन् तास डोळे मिटून बसतो. पाळलेला उंदीर रुळांवर उतरतो, त्याला धरावयास हाही उतरतो, आणि एक अनोळखी मनुष्य त्याला वर ओढून वांचवितो. अखेर रात्रीं तो आईच्या दाराशीं पोंचतो. आपण मेलों असें लेकराला सांगितलें होतें, हें त्या आईला तेव्हांच प्रथम कळतें.

येथें आम्हांला मुख्य गोष्ट सांगावयाची आहे. हें पुस्तक वाचलेल्या एका मित्रानें आम्हांला म्हटलें, छान आहे, शेवटीं मुलगा सुधारतो. आम्हीं विचारलें, काय सुधारतें? शेवटच्या पानावरही त्याला पिवळा रंग चालत नाहीं. कोणी अंगाला हात लावलेला चालत नाहीं. चेहरा वाचतां येत नाहीं. चारचौघांसारखा तो जराही झालेला नाहीं. वाढला मात्र निःसंशय आहे. कपाशीच्या झाडाला ज्वारीचें कणीस आलें नाहीं म्हणून तें वाढलें नाहीं, असें आपल्यापैकीं कोणता शेतकरी म्हणेल? मुलाची वाढ म्हणजे चारचौघांसारखें होणें, ही आपली समजूतच खोटी. क्रिस्तोफर आपल्याच स्वभावाचीं हत्यारें घेऊन, म्हणजे मोजणी, नकाशा, मनांतली रेघ, हीं घेऊन, पूर्वीं जेथें जाववत नव्हतें तेथें गेला. आणि गेल्यावर त्यानें स्वतःच्या जमेला तें लिहिलें: मी एकटा गेलों, खुनी शोधला, आई शोधली, पुस्तक लिहिलें. परत येऊन त्यानें गणिताची परीक्षा दिली व वरची श्रेणी मिळविली.

बापही वाढतो, तो मात्र मोठ्या कष्टानें. मुलगा त्याच्याजवळ फिरकत नाहीं. तेव्हां बाप स्वयंपाकघरांतलें वेळ मोजण्याचें घड्याळ लावतो आणि म्हणतो, फक्त पांच मिनिटें माझें ऐक. पांच मिनिटांनीं घंटी वाजणार हें ठाऊक असल्यानें मुलगा ऐकतो. बाप त्याला एक कुत्र्याचें पिल्लूं देतो आणि, किती का दिवस लागेनात, गेलेला विश्वास परत मिळवीन असें कबूल करतो. पंधरा वर्षें पोर सांभाळल्यावर बापाला मुलाच्या मापानें बोलणें जमलें!

शिक्षकांनीं सियोभान ह्या बाईंकडे पहावें. चेहऱ्यांचीं चित्रें काढून हा आनंद, हें दुःख, असें ती त्याला शिकविते. पुस्तक लिही असें सांगणारीही तीच. लोकांना इतकें गणित नको, तें शेवटीं पुरवणींत घाल, असें ती त्याला कारणासह समजावते, आणि तो ऐकतो. पुरवणींत खरोखरच काटकोन त्रिकोणाची एक सिद्धता आहे; ती आम्हीं फळ्यावर करून पाहिली.

एक इशारा. ही कादंबरी आहे, वैद्यकाचा ग्रंथ नव्हे. प्रत्येक स्वमग्न मूल गणितांत हुशार नसतें. कित्येकांना बोलतांही येत नाहीं, आणि पुष्कळ मुलें कोणावर हात उचलीत नाहींत. म्हणून स्वतः स्वमग्न असलेल्या कांहीं वाचकांनीं ह्या पुस्तकावर टीकाही केली आहे. तरी आम्हांला तें मोलाचें वाटतें, कारण येथें मुलगा स्वतः बोलतो. 'चौकट राजा' हा १९९१ चा चित्रपट आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्यांतला नंदू लहानपणच्या अपघातानें तसा झालेला, तें प्रकरण निराळें. दिलीप प्रभावळकरांनीं तें काम फार सुंदर केलें. पण नंदूकडे आपण बाहेरून पाहतों आणि रडतों. क्रिस्तोफर आपल्याला रडूं देत नाहीं, तो आपल्याला आपलेंच वागणें दाखवितो. आणि कल्पित मुलाचा भरंवसा नसेल तर खरी बाई घ्या. अमेरिकेंतली टेंपल ग्रँडिन, जन्म १९४७, साडेतीन-चार वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती. तिला संस्थेंत टाका असा सल्ला मिळाला, आईनें तो मानला नाहीं. पुढें गुरें न घाबरतां चालतील असे गोठे व वाटा कशा बांधाव्या, यांत ती नांवाजली आणि विद्यापीठांत प्राध्यापक झाली. गुरांच्या डोळ्यांनीं पाहणें तिला साधलें तें तिच्या ह्याच स्वभावामुळें, असें ती सांगते.

नाटकाच्या शेवटीं क्रिस्तोफर सियोभानला विचारतो, मी हें सर्व केलें, म्हणजे मी आतां कांहींही करूं शकेन ना? बाई उत्तर देत नाहीं. तो पुन्हां विचारतो. ती गप्पच. २०१७ त अमेरिकेंत मिकी रो ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या नटानें हें काम केलें. त्याच्या तोंडीं तो प्रश्न कसा लागला असेल, याचा आम्ही विचार करीत बसलों. कारण उत्तर त्या बाईच्या हातीं नसतें. पुढें शाळा दार उघडते कीं नाहीं, काम मिळतें कीं नाहीं, यावर तें असतें.

आपल्याकडे दार कायद्यानें थोडें उघडलें आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती; २०११ च्या जनगणनेंतही तिला वेगळा रकाना नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें एकवीस प्रकार धरले, त्यांत ती आली. चाळीस टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेंत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिकण्याचा हक्क आहे. सोय नाहीं असें म्हणून कोणी परत पाठवूं लागला तर त्याला हें सांगा. दहावीच्या परीक्षेंत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण दाखला आधीं हवा, परीक्षेच्या महिन्यांत धांवाधांव करून तो हातीं येत नाहीं. दाखल्यासाठीं जिल्ह्याच्या गांवीं खेपा पडतात, एक दिवसाची मजुरी बुडते, हें आम्हांला ठाऊक आहे. उताऱ्याच्या कोंबड्याला जो खर्च येतो, त्यांत एक खेप होते.

दर शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही वर्गांत बसलेले असतों. ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांनीं मुलाला बरोबर घेऊन यावें. अर्ज आम्ही भरून देऊं. आईलाही आणावें, कारण मूल काय खातें, कशाला भितें, कशानें शांत होतें, हें त्या अर्जाच्या कामीं तीच सांगूं शकेल.