पडदा उघडणारी मोटार



मावळात तळेगाव दाभाड्याच्या आसपास शेतांत प्लॅस्टिकची पांढरी घरे दिसतात. पुस्तकात त्यांना हरितगृह म्हणतात. आपण म्हणतो पॉलीहाऊस. आत गुलाब, जर्बेरा, कुठे ढोबळी मिरची. या घरांना बाजूंनी पडदे असतात. आज त्या पडद्यांविषयी बोलू.

ऊन प्लॅस्टिकमधून आत येते. जमीन तापते, पाने तापतात, मग हवा तापते. तिला वाट हवी. म्हणून पडदा वर गुंडाळायचा. बाजूने गार हवा आत येते आणि तापलेली हवा छपराच्या फटीतून वर निघून जाते. चुलीचा धूर धुराड्यातून जातो ना, तसेच. थंडीच्या रात्री पडदा खाली सोडायचा, म्हणजे ऊब राहते.

पडदा एका लांब नळीवर गुंडाळतात. नळीला हँडल असते. सकाळी फिरवा, ढग आले की फिरवा, सांजेला फिरवा. पुष्कळ घरी हे काम बाईकडे असते. तिला दवाखान्यात जायचे असते, लेकीच्या शाळेत जायचे असते. पण जाणार कशी? कडक उन्हाची एक दुपार पडदा बंद राहिला, तर मिरचीची फुले गळतात.

हे काम मोटारीला देता येते. विकतचे मोठे यंत्र महाग पडते. पण गावचा जाणता वायरमन घरच्या घरी जोडणी करू शकतो. १२ व्होल्टची बॅटरी घ्या. भंगारातली, गाडीची काच पुसणारी मोटार लहान पडद्याला चालते. पडदा लांब असेल तर जास्त जोराची मोटार हवी. सोबत उष्णता मोजून बटण दाबणारी एक छोटी पट्टी मिळते. तिला समजा सांगितले, ३० अंशांना उघड, २६ ला बंद कर. मध्ये हे ४ अंश का ठेवायचे? दोन्ही आकडे एकच ठेवले, तर जरा ढग आला की पडदा खाली, ढग गेला की वर. दिवसभर हाच खेळ. मोटार बिचारी जळून जाईल.

पट्टीची तार झाडांच्या उंचीवर, सावलीत टांगा. उन्हात टांगली तर ती हवेची उष्णता सांगणार नाही, स्वतःचीच सांगेल.

मोटार चालू करणे सोपे आहे हो. थांबवणे अवघड! पडदा पुरता वर गेला तरी ती ओढतच राहते आणि कापड फाटते. म्हणून वर एक, खाली एक, असे दोन लिमिट स्विच हवेतच. नळी तिथे टेकली की वीज तुटते. बॅटरीजवळ फ्यूजही हवा. या तीन वस्तूंत काटकसर करू नका.

आणि हँडल मोडीत घालू नका. पट्टीला उष्णता कळते, वादळ कळत नाही. वावटळ उठली की पडदा आपल्या हातानेच सोडावा लागतो. मोटार नळीला एका खिळीने जोडून घ्या. आधी हँडल घट्ट धरा, मग खीळ काढा, नाहीतर पडदा धाडकन खाली येईल. हँडल दाराजवळच्या खुंटीला टांगा, अंधारातही हाताला लागेल असे.