हाताचे मोल

पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीत, मोटारीने जखमी झालेल्या आदिलाबादच्या रहिवाशाला भरपाईचा दावा आपल्याच जिल्ह्यात दाखल करता येतो. ही सोय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची. वकिलाचे खरे कसब लागते ते त्यापुढे. डॉक्टरांचा दाखला अवयवाची हानी टक्क्यांत सांगतो. कमाई किती बुडाली, हे सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात हाच भेद विशद केला : डावा हात गेला तरी सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकेल, सुताराची उपजीविका मात्र जवळजवळ संपूर्ण बुडेल. म्हणून मुरलेला वकील केवळ दाखल्यावर विसंबत नाही. अशील मराठी बोलो, गोंडी बोलो की तेलुगू, त्याला तो आधी विचारतो : अपघातापूर्वी तुम्ही या हाताने कोणकोणती कामे करीत होता?