जुना स्वर आणि नवें यंत्र

दिनांक १५ डिसेंबर २०१९ रोजीं नवी मुंबईंतील नेरूळ येथें डी. वाय. पाटील क्रीडांगणावर आयर्लंडच्या ‘यू टू’ या वाद्यवृंदाचें वादन झालें. १९८७ सालचा ‘द जोशुआ ट्री’ हा संच त्यांनीं त्या रात्रीं साद्यंत वाजविला. त्यांचा गिटारवादक ‘द एज’ याच्या घंटेसारख्या निनादी स्वराचा पाया म्हणजे ‘व्हॉक्स एसी ३०’ नांवाचा ब्रिटिश अँप्लिफायर होय.

हें यंत्र अवघें तीस वॉटचें. आंकडा ऐकून घरांतील दिव्याची आठवण व्हावी. परंतु पूर्ण आवाजांत तें भिंती हादरवितें, आणि त्याचा खरा स्वर तेथेंच उमटतो. व्हॉल्व्हवर ताण पडला कीं ध्वनिलहरींचीं टोकें हळुवार दबतात व स्वराला भरीवपणा येतो. आतां वाशीच्या सदनिकेंत, जेथें शेजारच्या कुकरची शिट्टीहि ऐकूं येते, तेथें हें साधावें कसें? २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी वस्तींत रात्रीं दहानंतर ४५ डेसिबलांची मर्यादा आहे. आणि नियमाच्या आधीं शेजारी दारांत उभा राहतो, तें निराळेंच!

यावर तोड म्हणजे अंकीय मॉडेलर. १९९८ सालीं ‘लाइन सिक्स’ची ‘पॉड’ नांवाची, घेवड्याच्या बीच्या आकाराची तांबडी पेटी आली. तिनें व्हॉल्व्हचें वर्तन गणितांत बसविलें. तरीहि नवशिका ती पद्धति वापरतो तेव्हां कानाशीं माशी गुणगुणल्यासारखा आवाज येतो. दोष बहुधा यंत्राचा नसतो. गिटारच्या स्पीकरला सेकंदास सुमारें पांच हजार कंपनांपलीकडचा ध्वनि फारसा पेलत नाहीं, आणि ही उणीवच जुन्या स्वराचें अर्धें रहस्य आहे. यंत्रांतील स्पीकरची नक्कल बंद राहिली तर स्वर कर्कश होतो. ती चालू ठेवून यंत्र गिटारच्या अँप्लिफायरलाच जोडलें, तर स्पीकरवर स्पीकर चढून स्वर घोंगडींत गुंडाळल्यासारखा होतो.

दुसरी चूक ‘गेन’ची. जुन्या मुद्रिकांवरील खरखर समजते त्याहून पुष्कळ कमी असते. प्रतिध्वनीचें गणित मात्र सोपें आहे. ‘द एज’चा आवडता प्रतिध्वनि पाऊण मात्रेवर पडतो, मिनिटाला १२० मात्रांची लय धरल्यास तो ३७५ सहस्रांश सेकंदांचा होतो.

सर्वांत फसवा तो कान. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच दाखविलें कीं मंद आवाजांत कानाला खर्ज कमी ऐकूं येतो. म्हणून रात्रीं हळू आवाजांत जुळविलेला स्वर रंगमंचावर बोजड होतो. जाणते वादक तासाच्या भाड्यानें सरावखोली घेतात, तेथें मोठ्या आवाजांत स्वर जुळवून यंत्रांत सांठवितात, आणि घरासाठीं दुसरा, अधिक खर्जाचा, निराळा ठेवतात. सरावखोलींत आणखी एक गोष्ट घडते, जी हेडफोनवर कदापि घडत नाहीं: स्पीकरच्या हवेनें गिटारची तार पुन्हां थरथरते, आणि बोट न उचलतां स्वर लांबत जातो.