पडद्यावरची अक्षरे कधी हलवावीत?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. संगणकावर बोलायला ही कशी उभी राहिली, म्हणून पुष्कळजणी गालातल्या गालात हसत असतील. हसा! गेल्या वर्षी बँकेत माझी फजिती झाली, ती ऐकून आणखी हसाल.

आपल्या पापड-गटाला कर्ज हवे होते. साहेबांनी दहा मिनिटे दिली. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी पॉवरपॉइंटमध्ये आठ स्लाइड करून दिल्या आणि हौसेने ओळीओळीला ॲनिमेशन लावले. एक ओळ गिरक्या घेत येई, दुसरी उसळ्या मारीत. मी बोलून मोकळी, आणि आकडा अजून वाटेतच! पाचव्या स्लाइडपाशी वेळ संपला. परतफेड कशी करणार, हे सांगायचे राहूनच गेले. कर्ज त्या खेपेला मिळाले नाही. गटातल्या बायकांना तोंड दाखवताना किती जड गेले, ते माझे मलाच ठाऊक.

घरी येऊन रागाने सगळे ॲनिमेशन काढून टाकले. पण तेही बरे दिसेना. हिशेब एकदम पुढे आला की पाहणारा शेवटचा आकडा वाचून मोकळा होतो. मग आपले बोलणे कोण ऐकतो? तेव्हा मला पंगत आठवली. मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, मग भात, असे आपण जेवणाऱ्याकडे बघत बघत वाढतो. ॲनिमेशनचे काम तेवढेच. ज्या गोष्टीबद्दल बोलायचे, ती त्याच वेळी पानात पडावी.

मग मी 'अपिअर' आणि 'फेड' हे दोनच प्रकार ठेवले. पहिल्यात ओळ एकदम उमटते, दुसऱ्यात हळूच दिसू लागते. त्यालाही अर्धा सेकंद पुरे. खरी मेख 'स्टार्ट' या ठिकाणी आहे. तिथे 'आफ्टर प्रीव्हियस' असले तर आधीची ओळ आली की पुढची आपण होऊन येते, आपल्यासाठी थांबत नाही. 'ऑन क्लिक' असले तर आपण कळ दाबू तेव्हाच येते. हिशेबाला हेच हवे.

दुसऱ्या खेपेला मी आधी महिन्याची विक्री दाखवली, २४,००० रुपये. मग कळ दाबून खर्च, १७,५००. साहेबांनी तिथेच अडवले, "यात मजुरी धरली का?" पुढची ओळ अजून आलेलीच नव्हती, म्हणून सावकाश उत्तर देता आले. मगच शिल्लक ६,५०० दाखवली, आणि तिच्याखाली हप्ता.

हालचाल एकाच ठिकाणी ठेवली. डाळीपासून पाकिटापर्यंतच्या चित्रांमधले बाण 'वाइप'ने डावीकडून उजवीकडे ओढले जात, कारण माल तसाच पुढे सरकतो. (चिरंजीवांना तेवढेच समाधान!)

एक सांगायचे राहिले. कागदावर छापताना ॲनिमेशन नसते. एकावर एक ठेवलेली चित्रे तशीच एकावर एक छापली जातात. साहेबांना कागद द्यायचा असेल तर आधी छापून पाहावे.

कर्ज मंजूर झाले, हे आपणांस ठाऊक आहेच. कोणाला शिकायचे असेल तर गुरुवारी दुपारी माझ्याकडे यावे. येताना खर्चाची वही तेवढी आणावी. चहा मी करीन.